गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरच्या मामांना

मामा,

तुम्ही फेसबुकवर नाही, त्यामुळं हे तुमच्या धाकट्या लेकीनं वाचून दाखवायचं आणि तुम्ही मधेच "बास कर आता" म्हणायचं नाही.

1998 च्या जूनमध्ये बाबांची बदली नागपूरहून कोल्हापूरला झाली तेव्हा मी पाचवीत. तिकडं लई तिखट खातात म्हणून सगळ्यांनी भीती घातलेली, पण सावजी खाऊन वाढलेल्या पोराला तांबड्या रश्श्याचं काय भ्या, आणि पांढरा बघून तर आईनं खीर आहे का विचारलेलं. तिखटानं काही केलं नाही ओ, भाषेनं केलं. सरांनी वर्गात विचारलं काय करतोयस, मी म्हटलं "लिहून राहिलो". सर पण हसले, आणि वर्षभर माझं नावच पडलं, राहिलो. त्यानंतर मी बोलायचंच बंद केलं.

मग ती पावसातली संध्याकाळ. क्लासवरून येताना रस्ता चुकलो आणि तुमच्या म्हशींपुढं येऊन उभा राहिलो. तुम्ही धार काढत होता, मान वर न करता विचारलंत, "कुणाचा रं तू?" मी गप्प. बोललो की हा पण हसणार. तुम्ही थेट ग्लासातच धार मारलीत आणि ग्लास हातात दिलात, वर बोटभर फेस, हाताला कोमट लागत होतं, मला वाटलं तापवलंय, तुम्ही म्हटलात "म्हशीनंच तापवून दिलंय". तेव्हा कुठं तोंडातून निघालं, "मामा, मी हरवून राहिलो." तुम्ही हसला नाहीत. म्हटलात, "आधी पी, मग सापडशील."

सायकलवर डबलसीट घरी सोडलंत, आणि वाटेत मी रडत रडत शाळेचं सांगितलं तेव्हा जे बोललात ते मी अजून लोकांना सांगतो. "आरं शाहू महाराज बी कागलच्या घाटग्यांचं पोरगं, 1884 ला दत्तक आलं. आमचा राजाच भायरनं आलेला, तू कशाला लाजतोस?" पुढं खंचनाळेंचं पण सांगितलंत, 1959 चा देशातला पहिला हिंदकेसरी, आणि गाव कुठलं तर एकसंबा, कर्नाटकातलं. कोल्हापूरनं त्यांना कधी परकं म्हटलं नाही.

तालमीत पण तुम्हीच नेलंत. वस्तादांनी विचारलं कुणाचं पोरगं, तुम्ही म्हटलात "आमचंच हाय", आणि विषय संपला. पैलवानकी मला पंधरा दिवसांच्या वर झेपली नाही हा भाग वेगळा, पण तेल, ताक, लिंबू मुरलेल्या त्या लाल मातीचा वास अजून कधी कधी उगाचच येतो, पुण्यात ऑफिसच्या लिफ्टमध्ये सुद्धा.

एक गोष्ट तुम्हाला कधी बोललो नव्हतो. 2019 च्या महापुरात राजाराम बंधाऱ्याची धोक्याची पातळी 43 फूट आणि पंचगंगा 55 च्या वर गेलेली, शिरोलीजवळ हायवे बंद, मी पुण्यात अडकलेलो आणि तुमचा फोन लागत नव्हता. तेव्हा बॉसला रजा मागताना तोंडातून गेलं, "सर, आमच्या गावात पाणी आलंय". आईबाबा तर केव्हाच नागपूरला परत गेलेले, कोल्हापुरात आमचं घर पण नाही! दोन दिवसांनी तुमचा फोन आला, "आम्ही ठीक हाय, म्हशी वर काढल्यात", आणि मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडलो.

आता नागपूरला गेलो की चुलतभाऊ म्हणतो तू तर पूरा कोल्हापुरी झाला बे, आणि मी उत्तर देतो ते पण "व्हय की" असं. पुण्यात मात्र चिडलो की अजून "काय करून राहिला" निघतं. पूर्वी दोन्हीकडं ओशाळायचो. आता दोन्ही बोलतो.

त्या "आमचंच हाय" बद्दल थँक्यू मामा. तोंडावर म्हटलं असतं तर तुम्ही शिवी घातली असती, म्हणून लिहिलं.

ह्या दिवाळी पाडव्याला पोरीला घेऊन येतोय. म्हशींच्या मिरवणुकीला शिंगं रंगवायचं काम तिला द्या, हट्टच धरलाय तिनं, मोरपिसं पण आत्ताच घेऊन ठेवलीत. आणि त्या पहिल्या ग्लासाचे पैसे तुम्ही अजून घेतले नाहीत, ते ह्यावेळी पण देणार नाही.

तुमचाच,
राहिलो