मिठाची जकात आणि सातवीचा वर्ग : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सादर नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी इतिहास शिकवतो. (शिवाय मतदार याद्या आणि पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेबही बघतो, पण हे पत्र त्याबद्दल नाही.)

२०२५ च्या सप्टेंबरात सातवीला शिवकाल चालू होता. एका तासाला मी पुस्तक बाजूला ठेवून शिवाजी महाराजांनी १६७१ साली कुडाळच्या सरसुभेदाराला पाठवलेल्या पत्राची गोष्ट सांगितली. बारदेशातलं, म्हणजे पोर्तुगीजांच्या मुलखातलं मीठ स्वस्त पडायचं. व्यापारी तिकडे वळले, स्वराज्यातल्या संगमेश्वरच्या मिठाला गिऱ्हाईक मिळेना. महाराजांनी हुकूम दिला की बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवा, ते संगमेश्वरच्या मिठाहून महाग पडलं पाहिजे.

एरवी खिडकीबाहेर बघत बसणारा मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "सर, मंग यंदा बाहेरच्या कापसावरची जकात काऊन काढली?"

ऑगस्टमध्येच केंद्र सरकारने कापसाच्या आयातीवरचं ११ टक्के शुल्क तात्पुरतं उठवलं होतं. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झालेला, आणि पऱ्हाटी अजून वावरात उभी. घरोघरी हाच विषय. मी सरकारी नोकर, मत कसं देणार? फळ्यावर तीन माणसं काढली : कास्तकार, सूतगिरणीवाला आणि बाजारात सदरा विकत घेणारा. जकात लावली तर यातल्या कोणाचं काय होतं आणि काढली तर काय होतं, एवढंच विचारलं. घंटा झाली तरी कोणी उठेना. एका मुलीने उलटा प्रश्न टाकला, "मंग कुडाळकडच्या गरिबाले मीठ महाग पडलं असन ना, सर?" पडलं असणार. राज्यकर्त्याच्या चांगल्या निर्णयाचीही किंमत कोणीतरी मोजतं, हे त्या वर्गाला कुठल्याही धड्याविना कळलं.

माझं मागणं याच तासातून आलेलं आहे. इतिहास शिकवताना प्रत्येक घटनेला हिशेबाचे प्रश्न विचारायची सोय अभ्यासक्रमात करा. यातून कोणाला काय मिळत होतं? ते मिळवायला काय सोडावं लागलं? दुसरा रस्ता होता का, आणि असला तर तो का घेतला नाही? अर्थशास्त्र स्वतंत्र विषय म्हणून मुलांना भेटतं ते अकरावीत, आणि आमच्या गावातली बरीच पोरं तिथवर पोचतच नाहीत.

आमच्याच वऱ्हाडाचं घ्या. १८५३ साली निजामाने इंग्रजांच्या देण्यापोटी वऱ्हाड त्यांच्या ताब्यात दिला. हे वाक्य मुलं पाठ करतात. पण पुढचं खरं नाट्य पार अमेरिकेत सुरू होतं. १८६१ साली तिथे यादवी पेटली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. भाव चढले. ज्याने कधी समुद्र पाहिला नव्हता त्या वऱ्हाडी शेतकऱ्याने त्या लढाईपायी ज्वारीच्या तासात सरकी टाकली. १८६५ साली युद्ध संपलं, भाव कोसळले. आगगाडी नागपूरला पोचली १८६७ मध्ये आणि खास कापसासाठी खामगावचा फाटा निघाला १८७० मध्ये. म्हणजे गाडी आली तेव्हा तेजीची जत्रा उठून गेली होती!

मग भाव पडल्यावर लोक ज्वारीकडे परत का गेले नाहीत? मी हा प्रश्न दरवर्षी विचारतो आणि उत्तरासाठी थांबतो. पहिलं उत्तर हमखास येतं, "लोक अडानी होते." मी तो शब्द खोडत नाही. वर्गातच विचारतो की तुमच्या घरी भाव पडला म्हणून पुढच्या वर्षी कापूस बंद केला का. नाही केला. का? "सोसायटीचं कर्ज रोख भरा लागते." बस, तिथून गाडी सुटते. शेतसारा रोखीने भरायचा होता. सावकाराला हप्ता रोख हवा होता, आणि रोख देणारं पीक कापूसच. जिथे उभा माणूस तिथून पाहिलं तर तो शहाणाच होता. एकेकाचं शहाणपण मिळून मुलूख मात्र धान्य विकत घेऊन खाणारा झाला. १८९९-१९०० चा दुष्काळ आला तेव्हा पिकही गेलं आणि मजुरीही गेली. नुसतं 'इंग्रजांनी लुटलं' म्हणून यातलं काही कळत नाही. लूट होतीच, पण ती कोणत्या वाटेने घरात शिरली हे पोराला दाखवायला नको?

आणि याच मुलखात १८८६ साली कारंजाला कापसाची नियंत्रित बाजारपेठ सुरू झाली, देशातल्या अगदी पहिल्यांपैकी. ज्यांचे बाप बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टर लावून रात्रभर थंडीत बसतात, त्या मुलांना हे ठाऊक नाही.

पूर्व विदर्भात उदाहरण वेगळं सापडेल. वर्धा नदीच्या अलीकडे वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा; पलीकडे मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा मालगुजार गोळा करून भरायचा. भंडारा-गोंदियाकडचे तलाव १९५० च्या कायद्यानंतर मालगुजारांकडून सरकारकडे गेले, आणि आज कित्येक तलाव गाळाने भरलेत. मालगुजारी जाणं न्यायाचंच होतं. पण गाळ काढण्यात ज्याचा फायदा, त्याच्या हाती तलाव राहिला का? नागरिकशास्त्राची दहा पानं वाचण्यापेक्षा तिथल्या मुलांनी एका तलावाच्या पाळीवर तास भरवावा.

आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, असा इतिहास शिकवला तर पोरं प्रत्येक गोष्टीत नफा-तोटाच बघतील, त्यागाचं काय? आक्षेप खरा आहे. म्हणून मी मुलांना पुसदच्या गोष्टीपाशी नेतो. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अण्यांनी तिथे राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला. मिठाच्या सत्याग्रहाला आमच्याकडे समुद्र नव्हता, पण गुरं होती आणि चराई होती. सत्याग्रहाला गवतच का निवडलं, हे हिशेबाने कळतं. भाराभर गवतासाठी माणसं तुरुंगात का गेली, हे हिशेबाने सुटत नाही. तिथे मुलं गप्प होतात. हिशेब केलेला असला की उरलेलं किती मोठं होतं ते दिसतं.

यासाठी नवं पुस्तक छापू नका, कृपा करून. 'कारणे द्या' या प्रश्नाला तीन ठरीव मुद्द्यांपलीकडच्या उत्तरालाही गुण मिळू द्या, एवढ्यानेही बरंच हलेल. जिल्ह्याच्या गॅझेटिअरातली दोन-चार पानं सोप्या मराठीत करून शाळांना द्या. आणि प्रशिक्षणात आम्हाला पीपीटी दाखवण्याऐवजी एक दिवस बाजार समितीत नेऊन बसवा. जुन्या माणसांशी बोलू द्या.

पाहायला यायचं असेल तर दिवाळीनंतर या. मात्र वर्ग अर्धा रिकामा दिसेल, पोरं वेचणीला गेलेली असतात. किलोमागे मिळणारी मजुरी आणि माझा तास यांत त्यांनी काय निवडलं आणि का, हे तेच तुम्हाला सांगतील. वावर शाळेपासून दूर नाही.

आपला,
एक इतिहास शिक्षक
जि. यवतमाळ