नॉकिंगचं खापर ई-20 वर नको

महोदय,

ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलविषयी आपल्या पत्रसदरात येणाऱ्या तक्रारी मी वाचतो. बऱ्याच रास्त आहेत. 2023 पूर्वीच्या बहुतेक गाड्यांचे रबरी पाइप आणि सील या पेट्रोलसाठी बनलेले नव्हते, आणि अ‍ॅव्हरेज घटतं हेही खरं. पण ‘ई-20 मुळे माझी जुनी गाडी नॉक मारायला लागली’ हे काही पटत नाही. पेट्रोल दाबाखाली आपोआप भडकलं की नॉकिंग होतं, आणि ऑक्टेन जितका जास्त तितकं ते कमी. पूर्वीचं साधं पेट्रोल 91 ऑक्टेनचं होतं, ई-20 आहे 95 चं.

माझी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये, म्हणजे डिझेलवर गेली. आता भाच्याच्या गॅरेजात बसतो. तिथे दीड-दोन लाख किलोमीटर पळालेल्या पेट्रोल गाड्या येतात आणि प्रत्येक मालक म्हणतो, इंजिन आवाज करतंय. कसला आवाज, कधी येतो, हे विचारलं की गडबडतो.

खंबाटकी घाट चढताना चौथा गिअर न सोडणाऱ्याच्या गाडीतून कडकड येते आणि तिसरा टाकला की थांबते, ते खरं नॉकिंग. त्याची कारणं म्हणजे चुकलेलं ठिणगीचं टायमिंग, साचलेला कार्बन, तापणारं इंजिन, नाहीतर चालवणाऱ्याचा आळस. सकाळी गार असताना वाजून थोड्या वेळाने बंद होतो तो बहुधा पिस्टनचा. तसल्या गाड्या वर्षानुवर्षं चालतात. टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) टिकटिक वरून येते. घाबरायचं ते खालून, ऑइलच्या चेंबरकडून येणाऱ्या जड ठोक्याला. इंजिन तापल्यावर तो वाढतो. तिथे बिग एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉड क्रँकशाफ्टला जोडतो तिथलं) गेलेलं असतं. चालू इंजिनवर प्लगची एकेक वायर काढून बघावी (नव्या गाडीत इंजेक्टरचा कपलर). जी काढल्यावर ठोका दबतो, तिचा सिलिंडर दोषी. शॉक न खाता काढायची, हे सांगायला नकोच.

मध्यंतरी एका निवृत्त बाईंची जुनी वॅगन आर आली. दुसऱ्या एका गॅरेजने बेअरिंग गेलंय म्हणून इंजिनकाम सांगितलं होतं, 45 हजारांचं. वायरी काढून आवाजात काही फरक पडेना. मग बेल्ट उतरवून क्षणभर इंजिन चालू केलं, तर चिडीचूप. एसीच्या कॉम्प्रेसरचा ब्रॅकेट ढिला होता. बोल्ट आवळायचे काय पैसे घ्यायचे? बाई तरी दोनशे ठेवून गेल्याच.

म्हणून इंजिन उतरवायला होकार देण्याआधी मिस्त्रीला एकच विचारा: ऑइल प्रेशर किती आलं? ऑइल प्रेशरचा स्विच काढून तिथे गेज लावायचा, इंजिन तापू द्यायचं आणि काटा बघायचा; बेअरिंग झिजलं की दाब पडतो. जुना ऑइल फिल्टरही कापून दाखवायला सांगा. त्याच्या कागदाच्या घड्यांत चकचकीत कण दिसले तर बेअरिंग झिजतंय. चुंबकाला काही चिकटलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, बेअरिंगच्या शेलचा झिजणारा थर तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो.

ई-20 वर भांडायचंच तर जुन्या मॉडेलांना चालणारे पाइप आणि सील कोणते, त्यांचे पार्ट नंबर आणि किंमत कंपन्यांनी प्रत्येक सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर लावावी, यासाठी भांडा. तिथे मी तुमच्या बाजूने आहे.

– एक निवृत्त एसटी मेकॅनिक, सातारा