बाहुलीचं वय पाठीवर नसतं

माननीय संपादक,

आपल्या रविवार पुरवणीतला जुन्या बाहुल्यांवरचा लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा हौसेनं, दुसऱ्यांदा हातात पेन घेऊन. बाहुलीच्या पाठीवर कोरलेलं साल पाहावं म्हणजे तिचं वय कळतं, असं त्यात म्हटलंय. या सल्ल्यावर विसंबून कुणी जुनी म्हणून नवीच बाहुली घरी आणू नये, यासाठी हा पत्रप्रपंच.

माझ्याकडे पाठीवर १९६६ असलेल्या अकरा बार्बी आहेत. त्यातली एक मी भाचीसाठी दुकानातून कोरी करकरीत आणली होती, १९९१ साली. भाची मोठी झाली, बाहुली माझ्याकडे परत आली. तिच्या पाठीवरही १९६६च! ते साल बाहुलीच्या जन्माचं नसून त्या धडाच्या साच्यावरच्या हक्काचं, म्हणजे कॉपीराइटचं आहे. कमरेत वळणारी बार्बी बाजारात आली १९६७ मध्ये, आणि साच्यावरचा तो आकडा पुढे कित्येक वर्षं तसाच उमटत राहिला. मानेच्या मागे १९७६ दिसलं तरी तोच प्रकार. ते डोक्याच्या साच्याचं साल. त्या साच्याचा चेहरा १९७७ साली आला आणि नव्वदच्या दशकातही चालू होता. पाठीवरच्या मजकुरात उपयोगी काही असेल तर देशाचं नाव. सुरुवातीच्या बाहुल्या जपानच्या, तैवान, मलेशिया, चीन ही नावं नंतरची.

मग वय ओळखायचं कशावरून? मी आयुष्यभर शिवणकाम केलं, त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं आहे. कपडा उलटा करा.

१९५९ साली बार्बी आली तेव्हा तिचे कपडे शार्लट जॉन्सन या बाईंनी बेतले. त्यासाठी त्या जपानमध्ये वर्षभर राहिल्या, कारण शिवण तिथं व्हायची होती. ते कपडे भिंगाखाली धरले की मला आजही माझ्या हाताची लाज वाटते. बोटभर रुंदीच्या झग्याला अस्तर, खरी धातूची चेन, मोहरीपेक्षा थोडी मोठी टिचबटणं, आणि घेराची दुमड हातानं घातलेली. १९६०चा ‘सोलो इन द स्पॉटलाइट’ हा काळा चमचमता झगा घ्या. वर अंगासरशी घट्ट, गुडघ्याखाली जाळीचा फुलोरा, त्यावर एक गुलाब. असा घेर माणसाच्या मापात बसवताना माझी दमछाक झाली असती, इथं तर बाई साडेअकरा इंचांची. पुढच्या दशकांतल्या झग्यांना पाठीवर चिकटपट्टी (वेल्क्रो) येते, अस्तर नाहीसं होतं, कडा नुसत्या मशीनवर मारून मोकळ्या. त्या कपड्यांना मी कमी लेखत नाही. चिकटपट्टी लहान मुलीला स्वतः लावता येते, टिचबटण नाही. पण एक दुसऱ्याच्या नावावर खपवू नये.

कमरेचाही विषय लेखात आला आहे. बार्बीची कंबर इतकी बारीक का, याचं बनवणाऱ्यांनी दिलेलं एक कारण शिवणाऱ्याला पटकन पटतं. बाहुली माणसाच्या सहाव्या हिश्शाची करता येते, सुताची जाडी सहाव्या हिश्शाची होत नाही. घागऱ्याचा पट्टा, चुण्या, अस्तर, आत खोचलेला ब्लाउज असे थर कमरेवर चढले की कंबर आपोआप जाड दिसते. म्हणून ती आधीच कोरून ठेवलेली. हे सगळं कारण नसेल, पण खोटंही नाही. १९६२च्या टॅमी या दुसऱ्या बाहुलीशी ताडून पाहा. ती बारा इंचांची, शाळकरी बांध्याची. बार्बीचा स्कर्ट तिला चढवला तर मागचं बटण काही केल्या लागत नाही, आणि टॅमीचा बार्बीला घातला तर पोत्यासारखा लोंबतो. बार्बीची मैत्रीण म्हणून आलेल्या मिज या बाहुलीला मात्र बार्बीचे कपडे बिनचूक बसतात, कारण धड एकच. १९६३ची ब्रिटिश सिंडी वेगळ्याच घरची. तिच्या पहिल्या जोडात जीन्स आणि पट्ट्यापट्ट्यांचा सदरा आहे, झगमगाट नावाला नाही. या तिघींना शेजारी शेजारी बसवून त्यांचे कपडे उलटेसुलटे करण्यात माझ्या दुपारच्या दुपार जातात. घरचे हसतात, हसोत.

आता एक कबुली. संग्रहाच्या पहिल्या वर्षी मला ‘रेड फ्लेअर’ हा लाल मखमली कोट मिळाला, आतून पांढरं सॅटिन. मानेशी कापडाची नावपट्टी होती. गिऱ्हाइकाच्या मुलाला टोचू नये म्हणून मी अशा पट्ट्या जन्मभर उसवत आले. हात सवयीनं चालला, पट्टी कचऱ्यात गेली. पुढे कळलं की आधीच्या पट्ट्यांवर नावापुढे टी.एम. (ट्रेडमार्क) ही अक्षरं असतात आणि नंतरच्यांवर नोंदणीची खूण म्हणून गोलातला आर, आणि एकाच कोटाचा आधीचा शिवलेला कुठला नि नंतरचा कुठला, हे त्यावरूनच लागतं. माझा कोट आता ना आधीचा ना नंतरचा. शिवाय तो घालून बाहुली बंद पेटीत ठेवली होती, त्याचा लाल रंग तिच्या दंडात उतरला, तो आजतागायत निघाला नाही. तेव्हा लेखातला बाहुली सजवूनच पेटीत ठेवण्याचा सल्लाही जपून घ्यावा. कपडे वेगळे, मऊ कागदात. आणि धातूची कर्णफुलं काढूनच, नाहीतर कान हिरवे पडतात.

शेवटी छायाचित्राबद्दल. त्याखाली १९५९ची बाहुली, मूळ पोशाखात, असं छापलं आहे. त्या पहिल्या बाहुलीचा मूळ पोशाख म्हणजे काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा पोहण्याचा सूट, आणि तिला उभं करण्यासाठी तिच्या तळपायांना भोकं होती. चित्रातली गुलाबी झग्यात आहे, पाय दिसत नाहीत. पण सजावट म्हणून मागे छोटा आरसा ठेवला आहे, आणि आरशात झग्याची पाठ दिसते. मानेपासून कमरेपर्यंत पांढरी चिकटपट्टी. पुढच्या अंकात ओळ दुरुस्त करावी ही विनंती, आणि आरसा ठेवणाऱ्याला माझे आभार कळवावेत.

आपली,
एक जुनी वाचक