आई, तुझं तिकीट मी कॅन्सल केलंय

प्रिय आई-बाबा,

आई, आधी काय ओरडायचं ते ओरडून घे आणि मग पुढे वाच. माझ्यासाठी स्वयंपाक करायला यायचं म्हणून गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलायचं, हे डोक्यातून काढून टाक. डॉक्टरांनी दिलेली तारीखच फायनल. तू नको आहेस असं नाही गं, फार वाटतं तू यावंस, पण उठताना टेबलाला धरतेस ते व्हिडिओ कॉलवरही दिसतं मला, आणि इथे आलीस की तू ओट्यापासून हलणार नाहीस हे काय मला माहीत नाही?

आणि क्रोन्सचं, म्हणजे आतड्याच्या सुजेचं, दुखणं असलं तरी माझं खरंच नीट चाललंय. सकाळी घन काही जात नाही तेव्हा स्मूदी करते. पिकलेलं केळं, मऊ शिजवून गार केलेले ओट्स, लॅक्टोज-फ्री दूध आणि चमचाभर पीनट बटर, दाणे नसलेलं, एकदम गुळगुळीत. कधी पपई. सफरचंद असेल तर साल काढून, वाफवून. स्ट्रॉबेरी घातली की सगळं गाळणीतून चमच्याने दाबून दाबून गाळते, खाली बियांचा लगदा राहतो तो टाकून द्यायचा, कारण मिक्सरमधून फिरवलं म्हणून बिया नाहीशा होत नाहीत, आणि माझं आतडं अरुंद झालंय तिथे साली-बिया अडकायची भीती असते. बाबा, तुम्ही पाठवलेली ती हिरवी स्मूदी, कच्चा पालक, चिया वगैरे, ती ज्यांचं पोट धड आहे त्यांना लखलाभ. (रागावू नका, प्रेमाने पाठवलीत ते कळतं.)

एकदम ग्लासभर पीत नाही, अर्धा ग्लास, घोट घोट. शुगर-फ्री पावडरी डाएटिशियनने बंद केल्यात, सॉर्बिटॉलसारख्या गोडव्याने गॅस आणि जुलाब वाढतात. कच्चं अंडंही नाही, सुजेवरच्या इंजेक्शनने प्रतिकारशक्ती दबलेली असते ना. बघा, किती शहाणी झालेय.

बाबा, तुम्ही विचारलंत की खाणंपिणं सांभाळलं तर औषध सुटेल का. नाही सुटणार. स्मूदीने पोटात काहीतरी जातं, वजन टिकतं, बस. आतड्याची सूज औषधानेच आटोक्यात राहते. बी-१२ चंही तसंच, ते लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला शोषलं जातं आणि माझं दुखणं नेमकं तिथेच, म्हणून त्याचंही इंजेक्शन. आणि हे काही आजकालचं फॅड नाही, १९३२ साली न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच टोकाच्या आजारावर लिहिलं होतं. तुम्हाला सालं-तारखा आवडतात म्हणून सांगितलं.

आई, तू लहानपणी काय खाऊ घातलंस म्हणून हे झालं, असं परत म्हणायचं नाही. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती आतड्यावर उलटते, का ते डॉक्टरांनाही नीट सांगता येत नाही, मग तू कुठून मधे आलीस? तू तर मी आजारी पडले की द्राक्षं सोलून, बिया काढून वाटीत द्यायचीस. त्या वाटीसाठी मी ताप उतरला तरी पांघरुणात पडून असायचे, तुला कळायचं ना? आता सफरचंद सोलताना फार आठवतेस.

बरं, आता ऐका. फिजिओथेरपी एक दिवसही चुकवायची नाही. पेनकिलर डॉक्टरांनी लिहून दिलेल्याच, शेजारच्यांनी सुचवलेल्या नाहीत, मामाच्या वेळचं विसरला नाहीत ना? बाबा, आईला स्टुलावर चढू देऊ नका आणि तुम्हीही चढू नका. फाइल एकाच पिशवीत ठेवा.

ऑपरेशनला मी येतेय, रजा मंजूर झालीये. मिक्सरचं छोटं भांडं आणि गाळणी सोबत आणते, माझ्यासाठी वेगळं काही करत बसू नका, आणि सकाळी ओटा माझा.

तुमची,
चिऊ