विंगेतून नटांना शब्द देणाऱ्या, वडस्याच्या प्रॉम्प्टर काकाजींना

काकाजी, सप्रेम नमस्कार.

हे फोनवरही बोलता आलं असतं पण फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही, "बरी आहेस ना बाई, जेवली का" एवढं विचारता आणि फोन काकूंकडे देऊन टाकता, म्हणून इथं सगळ्यांच्या देखत लिहून राहिली. तुमची नात वाचून दाखवेल तुम्हाला. तिला सांगा घाई नको करू, जिथं स्वल्पविराम नाही तिथं पण जरा थांब. कागदावरचा विराम वेगळा आणि तोंडातला वेगळा, हे तुम्हीच शिकवलंय मला.

2014 ची भाऊबीज झाली आणि मी नागपूरहून निघाली. तेव्हा नागपूर-नागभीड छोटी लाईन चालू होती, उमरेड, भिवापूर करत करत ती गाडी नागभीडला आणून सोडायची आणि तिथून मोठ्या लाईनवरची गाडी पकडायची, ब्रह्मपुरी, मग वैनगंगेचा पूल, मग वडसा. एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात तीन वर्षांची पोर. नवऱ्याचं घर सोडून सहा महिने झाले होते, माहेरी किती दिवस बसणार. राज्य नाट्य स्पर्धेत दोनदा काम केलेलं होतं, तेवढ्या शिदोरीवर एका ओळखीच्या कलाकारानं सांगितलं की झाडीपट्टीत जा, तिथं सीझनभर काम आहे आणि रोजच्या नाईटचा, म्हणजे प्रयोगाचा, पैसा हातात पडतो.

बाहेरच्या वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. झाडीपट्टी म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा हा आमच्या धानाचा आणि जंगलाचा पट्टा. धान कापून घरात आलं की माणसाच्या हाताला थोडी सवड आणि थोडा पैसा असतो, मग गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, मंडईला पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, आणि रात्री त्या सगळ्यांसाठी नाटक, ते पण रात्री दहाला सुरू होऊन पहाटेपर्यंत. दिवाळीपासून होळीपर्यंत हेच चालतं. आधी दंडार होती, खडी गंमत होती, या इथल्या जुन्या लोककला, त्यातूनच हे नाटक वाढलं म्हणतात. आणि वडसा म्हणजे या सगळ्याचं बुकिंगचं गाव. सीझनमध्ये कंपन्यांच्या ऑफिसांवर नाटकांचे मोठमोठे बोर्ड लागलेले, गावागावची मंडळं येतात, बोर्ड बघतात, कलाकार कोण कोण विचारतात, तारीख ठरवतात. सरकारच्या पैशावर नाही, तिकीट काढून बसणाऱ्या माणसांवर उभं आहे हे सगळं, आणि याचा मला फार अभिमान आहे.

तर त्या ऑफिसात मला एक हातानं लिहिलेली वही दिली आणि सांगितलं परवा प्रयोग आहे. परवा! आम्ही स्पर्धेचं नाटक दोन-दोन महिने बसवायचो. मी वही घेऊन तिथंच पायरीवर बसली, पोर भुकेनं रडून राहिली होती, आणि तुम्ही शेजारच्या टपरीवरून तिच्यासाठी दूध आणि बिस्कीट घेऊन आले. तुम्ही कोण, काय, मला काहीच माहीत नव्हतं. वहीकडे बघून एवढंच म्हणाले, "अक्षर माझंच हाये, समजते ना?"

तो पहिला प्रयोग अजून जसाच्या तसा आठवतो. गावाबाहेरच्या धानाच्या मोकळ्या बांधीत मंडप टाकलेला, जमीन खोदून उतार केलेला म्हणजे मागच्याला पण दिसावं, पुढं खाली बसणारे, मागं खुर्च्या, आणि थंडी अशी की बायका घरच्या गोधड्या घेऊन बसलेल्या. विंगेत माझे पाय थरथरत होते. तुम्ही म्हणाले, "काहून भेते बाई, मी आहो ना इथं." दुसऱ्या प्रवेशात मी सपाट विसरली, काही म्हणजे काही आठवेना, आणि डाव्या विंगेतून तीन शब्द आले. फक्त तीन. पुढचं वाक्य आपोआप बाहेर पडलं, समोर कोणाला काही कळलं नाही आणि स्टेजवर लटकलेल्या माईकमध्ये तुमचा आवाज गेला नाही. तो आवाज माईकच्या खालून आणि माझ्या कानाच्या उंचीवर कसा काय चालायचा हे मला दहा वर्षांत समजलं नाही काकाजी.

पुण्या-मुंबईचे लोक कधीकधी विचारतात, तुमच्याकडे अजून प्रॉम्प्टर लागतो? जणू काही तो कमीपणा आहे. मला त्याचा राग येतो. एका आठवड्यात मी चार वेगवेगळी नाटकं केलेली आहेत, आज शेतकऱ्याची विधवा, उद्या सावत्र सासू, परवा वकील, आणि प्रत्येक गावाला वाटतं की हे नाटक आपल्यासाठीच बसवलंय. रात्रभर प्रयोग, पहाटे मेकअप पुसून गाडीत, जंगलातून ऐंशी-शंभर किलोमीटर, कधी रस्त्यात वाघ आडवा आला तर ड्रायव्हर लाईट डिम करून गाडी थांबवायचा आणि आम्ही सगळे श्वास धरून बसायचो, मग दुपारी कोणाच्या तरी ओसरीवर झोप आणि संध्याकाळी पुन्हा रंग. यात पाठांतराला वेळ कधी मिळायचा? या गणितात नाटक उभं राहायचं ते विंगेतल्या एका माणसाच्या जोरावर. आणि तो माणूस नुसता वही वाचत नव्हता. कोणाला पूर्ण ओळ लागते, कोणाला पहिला शब्द पुरतो, आमच्या विनोदी नटाला तर तुम्ही नुसता ओठ हलवून दाखवायचे कारण शब्द दिला की त्याची मजा जायची. ज्यांना उजव्या कानानं कमी ऐकू यायचं त्यांच्या प्रवेशात तुम्ही वही घेऊन दुसऱ्या विंगेत जाऊन बसायचे. गाणं आलं की बोट वर करून ऑर्गनवाल्याला इशारा. एखाद्या नटानं पान गाळलं की तुम्ही समोरच्याला असा शब्द द्यायचे की गाळलेलं पान वळसा घालून परत यायचं.

पण मला ज्याचे आभार मानायचे आहेत ते वेगळंच आहे.

2015 च्या जानेवारीतला प्रयोग. पोरीच्या प्रेताजवळ बसून आईचं बोलणं आहे, त्यात मी मध्येच थांबली. विसरली नव्हती, ओळ समोर होती, पण बोलवेना. किती वेळ गेला माहीत नाही, मंडपात लेकरू पण रडलं नाही. आणि तुम्ही शब्द दिला नाही. दुसरा कोणी असता तर घाबरून दिला असता, आणि तो क्षण तिथंच मेला असता. पहाटे चहा पिताना मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं मी विसरली नाही म्हणून? तुम्ही म्हणाले, "विसरलेल्या मानसाचे डोळे माझ्याकडे येतात. तुझे पोरीवर होते." बस. त्या दिवसापासून मी स्टेजवर थांबायला भ्यायली नाही. मला जे काही थोडं काम येतं, ते त्या एका गप्प राहण्यातून आलंय.

आणि माझी पोर. पहिली तीन वर्षं ती तुमच्या मांडीला टेकून झोपली, ड्रेपरीच्या, म्हणजे नाटकाच्या कपड्यांच्या, पेटीवर गोधडी टाकून, अंगावर तुमची शाल. एका हातात वही, एका हातात टॉर्च, आणि टॉर्चचा उजेड तिच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून तुम्ही रात्रभर मनगट वाकडं करून बसायचे. सकाळी ते मनगट चोळताना मी पाहिलंय तुम्हाला. कंपनीत काही लोक माझ्याबद्दल नको ते बोलायचे, एकटी बाई, लेकरू घेऊन नाटकात फिरते. तुम्ही कोणाशी भांडले नाही, फक्त जेवायला बसताना दरवेळी माझं ताट तुमच्या आणि काकूंच्या डब्याच्या मध्ये ठेवायला लागले. आठ दिवसांत बोलणं बंद झालं.

2016 चा नोव्हेंबर विसरता येत नाही. सीझन नुकताच सुरू झालेला, 8 तारखेला रात्री आम्ही रंग लावून बसलेलो आणि बातमी आली की पाचशे-हजारच्या नोटा बंद. आमचा सगळा धंदा रोखीचा, तिकीट रोख, नाईट रोख. पुढचे काही प्रयोग रद्द झाले, एका गावच्या मंडळानं मात्र शब्द पाळला, घरोघर फिरून दहा-वीसच्या नोटा गोळा केल्या आणि पहाटे ऑर्गनच्या झाकणावर मोजून दिल्या. डान्सला आलेल्या दोन पोरींना घरी जायचं होतं आणि त्यांच्याकडे पाचशेच्याच नोटा. तुमच्या वहीच्या पुठ्ठ्यात जपलेल्या शंभराच्या सात नोटा होत्या, काकूंच्या औषधाच्या. त्या तुम्ही त्यांना दिल्या. हे मला त्या पोरींकडून समजलं, तुमच्याकडून नाही.

मधली वर्षं भराभर गेली. 2014 पासून शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, बंद होते, म्हातारे लोक म्हणायचे पटाशिवाय नाटकाला पहिल्यासारखी गर्दी नाही. 2019 ला छोटी लाईन पण बंद झाली, ब्रॉडगेज करायची म्हणून, मग मी बसनं यायला लागली. पोर शाळेत गेली, आईकडे नागपूरला राहायची आणि दिवाळीच्या सुट्टीत तुमच्याकडे.

मग 2020. त्या वर्षीची होळी झाली आणि पंधरा दिवसांत सगळं कुलूपबंद, आणि दिवाळी आली तरी आमच्या कंपनीचं एकही बुकिंग नाही. मी आयुष्यात एवढी रिकामी कधीच बसली नव्हती. एक दिवस रात्री नऊला तुमचा फोन आला. मला वाटलं कोणाचं काही बरंवाईट झालं. तुम्ही म्हणाले, "वही काढली हाये, पहिला प्रवेश घेऊ?" आणि तुम्ही वाचायला लागले, मी माझं बोलत गेली, दुसऱ्या पात्रांचे संवाद पोर बोलायला लागली आणि मी तिच्याकडे बघतच राहिली, तिला सगळं पाठ! तुमच्या मांडीवर झोपेत ऐकलेलं. त्या हिवाळ्यात आपण फोनवर अकरा नाटकं केली काकाजी. त्यातला एक पण प्रयोग मी प्रयोगांच्या हिशेबातून वगळत नाही.

2021 च्या डिसेंबरात कोर्टानं पटाला परवानगी दिली आणि गावं परत भरली, दिवसा पट, रात्री नाटक. आणि 2023 च्या जानेवारीत, 25 तारखेच्या रात्री, परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाल्याचं कळलं. गुरनोलीचा माणूस, झाडीपट्टीचा दादा कोंडके म्हणतात त्यांना, 5000 च्या वर प्रयोग आणि 800 वेगवेगळ्या भूमिका. आमचा पहिला अंक संपत होता, मंडळाच्या पोरानं माईकवरून सांगितलं आणि अख्खा मंडप उठून उभा राहिला. मी विंगेत आली तर तुम्ही टॉर्च बंद करून बसलेले. म्हणाले, "आपल्या मातीला भेटलं बाई." माझ्या मनात तेव्हा आलं होतं की त्या पाच हजार प्रयोगांच्या विंगेत पण कोणीतरी वही धरून बसलं असेलच ना. ते तेव्हा बोलली नाही, आज बोलते.

2024 च्या होळीला तुम्ही वही खाली ठेवली. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, रात्रीच्या थंडीत छाती भरते, बरोबरच आहे. आता एक नवीन पोरगा बसतो, मोबाईलच्या स्क्रीनवरून वाचतो, मेहनती आहे, आवाज पण चांगला खाली ठेवतो. पण पहिल्याच प्रयोगात मी थांबली आणि त्यानं शब्द दिला, एकदा नाही, तीनदा. मी त्याच्यावर चिडली नाही. पहाटे चहाला त्याला शेजारी बसवलं आणि डोळ्यांची गोष्ट सांगितली. त्यानं विचारलं हे कोणी शिकवलं, तर मी तुमचं नाव सांगितलं. चार दिवसांनी मी परत त्याच जागी थांबली, आणि तो थांबला. त्याच्या स्क्रीनचा उजेड हलताना मला दिसत होता, हात थरथरत होता त्याचा, पण थांबला.

यावर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी वडस्याला येणार आहोत. पोर आता तुमच्यापेक्षा उंच झाली असेल. पायरीवर बसून वाचलेली ती पहिली वही माझ्याकडेच राहिली होती, कव्हर लावून ठेवली आहे, सोबत आणते. शेवटची दोन पानं पाण्यानं पुसली गेली आहेत. तुम्हाला पाठ असतील, तुम्ही सांगा, पोर लिहून घेईल. काकूंना म्हणा तांदळाच्या भाकरी मी करीन.

तुमची,
डाव्या विंगेकडे कान असलेली बाई