भिरंडांच्या नावाने: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, गोवा सरकार, यांस,

सादर नमस्कार.

फोंड्यात माझं औषधाचं दुकान आहे. मे महिन्यात ओळखीतली एक बाई जिममधून घेतलेली बाटली घेऊन आली. पुढे लालबुंद फळाचं चित्र आणि 'चरबी जाळते' असा दावा. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजी ओळ: औषधी वापरासाठी नाही. बिल नव्हतंच. म्हणाली, "भिरंडांचंच तर आहे, आपली सोलं!"

भिरंड म्हणजे कोकम आणि सोलं म्हणजे त्याची वाळवलेली साल. पण ती सोलं नव्हेत. बाटलीत होती ती गार्सिनिया कंबोजिया, म्हणजे केरळात माशांच्या कालवणात घालतात ती कुडमपुळी. आपलं भिरंड तिचं भावंड, गार्सिनिया इंडिका. ज्याच्या जोरावर 'चरबी जाळते' म्हणतात ते हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल दोन्हींच्या सालीत असतं, हे खरं. पण हुमणात, म्हणजे आपल्या माशांच्या कालवणात, चार सोलं टाकणं वेगळं आणि तेच आम्ल काढून, घट्ट करून रोज गोळीतून पोटात ढकलणं वेगळं.

बरं, वजन तरी उतरतं का? १९९८ साली अमेरिकेत १३५ स्थूल माणसांवर १२ आठवडे चाचणी झाली. रोज १५०० मिलिग्रॅम आम्ल देऊनही, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपेक्षा त्यांचं वजन काही जास्त घटलं नाही. वजन उतरवायच्या गोळ्यांत ग्रीन टीचा अर्कही विकतात. कपभर चहाबद्दल माझी तक्रार नाही, पण त्याच्या अर्कातलं इजीसीजी हे द्रव्य रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं तर यकृताला इजा होऊ शकते, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्येच सांगितलंय.

त्या बाईला तीन आठवड्यांनी उलट्या सुरू झाल्या, डोळे पिवळट दिसू लागले. लिव्हरचे आकडे चढले होते. गोळ्या थांबवल्यावर उतरले. दोष गोळीचाच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. कसं म्हणू? बाटलीत नेमकं काय होतं, हे कुणी तपासलंच नाही. 'शुद्ध वनस्पती' म्हणून विकलेल्या अशा कॅप्सूलमध्ये सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध सापडल्याचे इशारे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वारंवार दिले आहेत. हृदयाला धोका म्हणून ते औषध आपल्या देशात २०११ पासून बंद आहे.

साहेब, २०१८ मध्ये मासळीतल्या फॉर्मेलिनवरून (मृतदेह टिकवायला वापरतात ते रसायन) गोवा हादरला, तेव्हा अन्न व औषध प्रशासनाची माणसं थेट मासळी बाजारात पोचली होती. तशीच एकदा जिममध्ये पाठवा. बाटल्या उचलून सिब्युट्रामिनची तपासणी करा आणि जे निघेल ते मराठी-कोकणी वर्तमानपत्रांत छापा. फसव्या जाहिरातीला अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५३ खाली १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. नवा कायदा कुणी मागत नाही.

आणि हो, अशा बाटल्या मीही विकल्यात. बिलावर विकल्या, पण विकल्या. उरलेल्या तीन खोक्यात बांधून ठेवल्या आहेत, खरेदीची बिलं सोबत जोडून. आपल्या निरीक्षकांना कधीही पाठवा, फक्त दुपारी एक ते चार नको, तेव्हा दुकान बंद असतं.

आपली,
फोंड्यातील एक फार्मासिस्ट