‘नोंदणी फुकट’वर भाळू नका

महोदय,
भिवापुरी मिरचीचे तिखट आता मुंबई-पुण्याचे ग्राहक थेट आमच्या भागातून मागवतात. कार्डाने पैसे घ्यायचे तर पेमेंट गेटवे (ग्राहकाचे ऑनलाइन पैसे आपल्या खात्यात पोहोचवणारी सेवा) लागतो आणि तो निवडताना ‘नोंदणी फुकट’ एवढेच पाहिले जाते. खरा खर्च पुढे असतो. गेटवेचा दर प्रत्येक व्यवहारामागे दोन टक्के असला, तर 2,000 रुपयांवरील कार्ड-व्यवहारांत त्यावर 18 टक्के जीएसटीही लागतो. जीएसटी नसला तरी 500 रुपयांच्या पार्सलमागे 10 रुपये गेले. घरगुती तिखटात एवढा नफा सुटतो तरी का? वास्तविक 20 लाखांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्यांसाठी डेबिट कार्डावरील शुल्काला (एमडीआर) रिझर्व्ह बँकेने 2018 पासून 0.40 टक्क्याची मर्यादा घातली आहे. रुपे डेबिट कार्डावर तर 2020 पासून ते शून्य आहे. म्हणून प्रत्येक प्रकारच्या कार्डाचा दर वेगळा लिहून मागावा, पैसे किती दिवसांत जमा होतील तेही.
काही जण फोनवर कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडेसुद्धा वहीत उतरवून घेतात. हे आधी थांबवा. वेबसाइट नसली तरी व्हॉट्सॲपवर पेमेंट लिंक पाठवता येते. बँकांनी हे दर तालुक्याच्या शाखांत मराठीत लावावेत, ही विनंती.
– एक मिरची उत्पादक, ता. भिवापूर, जि. नागपूर